गार्गीचं फाटक

माझ्या मुलाच्या बारशाला मी हजर नव्हतो. त्या वेळी मी पाळण्यापासून चार फुटांवर उभा होतो.

दोष माझाच. सहा वर्षांच्या गार्गीसाठी मी मोबाइलवर रेल्वेचा शैक्षणिक खेळ घेतला. सिग्नल, फाटक, वेळापत्रक! ‘मुलांना हसतखेळत शिस्त लागते,’ असं त्यावर लिहिलं होतं. (बापाला लागते, असं कुठेही लिहिलेलं नव्हतं.) मग खेळण्यातली आगगाडीही आणली, रुळांसकट. “फाटक बंद असलं की कलेक्टरनंबी थांबायचं!” असं मी तिला रोज बजावत असे. बजावणारा मी जऊळक्याच्या रेल्वे फाटकाखालून मोटारसायकल तिरपी करून रोज निसटतो, ही गोष्ट वेगळी.

बारशाच्या दिवशी तिनं बैठकीच्या दारात रूळ मांडले. खेळण्यातलं फाटक बोटभर, म्हणून दोन खुर्च्यांवर कपडे वाळत घालायची काठी आडवी टाकली. पाळणा आत, मी आणि बारशाला जमलेल्या बायका बाहेर. तेवढ्यात कामरगावहून माझी थोरली बहीण सुमनताई आली. नाव आत्याच ठेवणार, त्यामुळे तिच्याशिवाय पान हलणार नव्हतं. ताईचा मान मोठा आणि राग त्याहून मोठा!

“आत्या, थांब. गाडी येऊन राह्यली.”

ताई कौतुकानं थांबली. गाडी पलंगाखालून निघाली, दारापर्यंत आली आणि तिथेच बसली. सेल संपले!

“गार्गी, जाऊ दे आत्याले,” मी म्हणालो.

“गाडी गेल्याबिगर फाटक उघडत नाही. तुमीच सांगतलं!”

“ताई, तू जराशी वाकून...”

“वाकून?” ताई कडाडली. “भावाच्या घरात आत्यानं वाकून जायचं? मले दारात उभं करायले बलावलं काय रे? मी चालली कामरगावले. ठेव तूच पोराचं नाव!”

ताईनं खरंच चप्पल शोधायला सुरुवात केली. बैठकीतल्या घड्याळात सेल होते. ते काढायला मी सवयीप्रमाणे काठीखाली वाकलो आणि घुसलो. काठी पाठीत अडकली, दोन्ही खुर्च्या कोसळल्या आणि मी रुळांवर पालथा!

“बाबा बाद!” गार्गी ओरडली. “बंद फाटकाखालून गेलं का डाव संपेपर्यंत बाहेर!”

ताई हसायलाच लागली. “बरोबर हाय पोरीचं. हा लहानपणापासून असाच घुसते!”

मला बाहेर काढून गार्गीनं काठी पुन्हा आडवी टाकली. आत पाळण्याजवळ बसलेल्या बायकोनं टीव्हीच्या रिमोटमधले सेल काढून दिले. (हे तिला आधी सुचलं नसतं का? सुचलं होतं म्हणे. मजा पाहत होती.) गाडी गेली, फाटक उघडलं आणि ताई एखाद्या मंत्र्यासारखी ताठ मानेनं आत गेली. तिच्यामागे सगळ्या बायकाही. मग काठी परत खाली. ताईनं बाळाच्या कानात नाव सांगितलं, टाळ्या पडल्या. मला काहीच ऐकू आलं नाही.

“काय नाव ठेवलं?” मी बाहेरून विचारलं.

“बाद झालेल्यानं इचारायचं नसते!”

आता मी सुधारलोय. जऊळक्याच्या फाटकाखाली वाकण्याआधी दोन्ही बाजूंना नीट पाहतो. गाडी नव्हे, गार्गी येत नाही ना ते!