एक हात खिशात

हिरेमठ सर प्रथम माझ्या सात रस्ता चौकाजवळच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानात आले, तेव्हा मी चालू बोर्डात दोन्ही हात घालून बसलो होतो. "एक हात खिशात घाला आधी!" हे त्यांचे पहिले वाक्य. दोन्ही हात लागले तर करंट छातीतून जातो. मग म्हणाले, "अहो, हजारो व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर गुंडाळून द्याल का?" सातवी शिकलेल्या मला 'अहो' म्हणणारे ते पहिले प्राध्यापक.

सरांचे काम सांगायला सोपे आहे. कारखान्यातली विषारी वाफ काचेच्या नळ्यांतून न्यायची आणि नळ्यांत विजेने जांभळा उजेड पेटवायचा. तोच प्लाझ्मा. त्यात विष मोडते. नळी धड असली की एकसारखा 'सूं' आवाज येतो. काच तडकली की तडतड, आणि मग वीज बाहेर उडी मारू शकते. मोटारी ऐकून ऐकून माझे कान तयार झालेले, म्हणून सर मला सोबत नेत.

टॉवेल छापण्याच्या एका कारखान्यात सरांचे यंत्र बसवले होते. प्रदूषण तपासणीचे सरकारी साहेब आले. नापास झालो तर टाळे लागणार, हे तिथल्या बायकांनाही ठाऊक. मीटर ठीक दाखवत होता, पण मला एक 'तड्' ऐकू आली. मी हळूच म्हणालो, "सर, नळी तडकायली की."

सरांनी तिथल्या तिथे स्विच बंद केला. "साहेब, आज तपासणी नको. नळ्या मी बसवल्या, चूक माझी."

मालकांचा चेहरा उतरला. रंगावर काम करणाऱ्या पद्माअक्का पुढे झाल्या. "थांबा की ओ साहेब! इतकी वर्षं ह्या वासानं डोकं दुखायलंय, अजून आठ दिवस दुखू द्या."

साहेबही हसले. आठ दिवसांनी नव्या नळीवर यंत्र पास झाले. "वास न्हाय तर करमत न्हाय बगा," असे अक्का म्हणाल्या, तेव्हा सर पोट धरून हसले.

आता सरांना पंचाहत्तर पूर्ण होत आहेत. कानाला मशीन लागले आहे, आणि टोचते म्हणून ते काढून ठेवतात. गेल्या महिन्यात त्यांच्या प्रयोगशाळेच्या दारातच मला तडतड ऐकू आली. सर एकटेच नळीवर वाकलेले. मी ओरडलो, त्यांना ऐकू गेले नाही. धावत जाऊन मेन स्विच पाडला.

सर वळले. "लाइट गेली काय हो?"

त्यांचा डावा हात खिशात होता. मी मात्र धपकन स्टुलावर बसलो.

सर, शंभरी निरोगी पार करा. हात खिशातच असू द्या. पण मी आल्याशिवाय स्विच लावू नका. रोज दहाला येतो. आणि मी नसेन त्या दिवशी, हा गौरव अंक वाचणाऱ्यांपैकी कोणीतरी सरांच्या शेजारी उभे राहा. नुसते ऐकत.