फ्रेंच प्रेस आणि म्हावऱ्याचा बर्फ

दादाने आईला बंगलोरला न्यायचं ठरवलं, तेव्हा मी गार कॉफी करायला शिकले. आता ऐकायला वेड्यासारखं वाटतं, पण त्या महिन्यात मला त्यात मोठा डाव दिसत होता.

आम्ही विरारला, बोळिंजमध्ये राहायचो. मोबाइलला इनकमिंग नुकतंच फुकट झालं होतं, ती वर्षं. वडील जाऊन दीड वर्ष झालं होतं. घरात आई आणि मी. मी चर्चगेटच्या एका ऑफिसात नोकरीला, वय एकोणतीस, लग्न न झालेली, आणि त्यावर कोणी काही बोललं की फटकन उत्तर देणारी. आईचं ब्लडप्रेशर वर्षभर चढतच होतं. गोळ्या दोनदा बदलल्या, तरी उतरायचं नाव नाही. मी घरातलं लोणचं, पापड, सुकी मासळी सगळं बंद केलं. आमटीत मीठसुद्धा मी स्वतः चिमटीने घालायचे आणि वर आईलाच दटावायचे. दादाचं म्हणणं, आईला तिकडे नेतो, डॉक्टर चांगले आहेत, हा फ्लॅट विकून टाकू. माझं म्हणणं, आई इथे मजेत आहे. आई म्हणायची, "तुम्ही दोघं ठरवा." त्याचा अर्थ मी माझ्या सोयीने लावून घेतला होता.

खरं कारण वेगळं होतं. आई गेली तर मी एकटी पडणार होते. कुणाच्या तरी घरी पेइंग गेस्ट म्हणून एक कॉट आणि अर्धं कपाट. पण एकोणतिसाव्या वर्षी 'मला आई हवी' असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? म्हणून मी आईच्या वतीने भांडत होते. वकील चांगली होते मी, अशिलाला काही विचारायच्या भानगडीत पडत नव्हते एवढंच.

मे महिन्यात दादाचा फोन आला. "शनिवारी येतोय मी आणि तुझी वहिनी. रविवारी जेवायच्या आधी बसून काय ते ठरवू, संध्याकाळची गाडी आहे." आणि मग हसत हसत, "तुमच्याकडे काय, लाइट नाही, पाणी नाही. हिला उन्हाळ्यात दिवसातून एकदा बर्फाची कॉफी लागते. आणलीय का कधी तू ती फ्रेंच प्रेस शोकेसच्या बाहेर?"

ते मला झोंबलं. फ्रेंच प्रेस त्यानेच दोन वर्षांपूर्वी ऑफिसच्या कामाने परदेशी गेला तेव्हा आणली होती. काचेचं उभं भांडं, झाकणातून खाली जाणारा दांडा, दांड्याच्या टोकाला जाळी. शोकेसमध्ये बाहुलीशेजारी उभी होती. येणारी-जाणारी प्रत्येक बाई विचारायची, "ही चहाची किटली का?" आणि आई दर वेळी सांगायची, "नाही हो, कॉफी दाबायची."

मी ती बाहेर काढली. विरारच्या घरातसुद्धा माणूस सुखाने बसून बर्फाची कॉफी पिऊ शकतो, हे मला दाखवून द्यायचं होतं. कॉफीवरून कोणी फ्लॅट ठेवत नाही हे मलाही कळत होतं. पण एक गोष्ट डोक्यात शिरली की माझे पाय जमिनीवर ठरत नाहीत.

पहिल्यांदा बाटलीतली विरघळणारी कॉफी घातली. दांडा गुपचूप खाली गेला, दाबायला आत काही नव्हतंच. दुसऱ्यांदा फिल्टर कॉफीची बारीक पूड आणली. ती जाळीत अशी बसली की दांडा अर्ध्यावर अडकला. मी दोन्ही हातांनी भार दिला आणि कॉफी उसळून कॅलेंडरवर गेली. आई म्हणाली, "एवढा खटाटोप एका कपासाठी?" मी म्हटलं, "तू गप्प बस." मग माटुंग्याला उतरून कॉफीच्या दुकानात गेले आणि रव्याएवढी जाडी दळून मागितली. दुकानदाराने माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू गहू न दळता पोळ्या करणार होते. पण तिसऱ्यांदा जमलं. गरम पाणी, चार मिनिटं, हलक्या हाताने दांडा खाली. कॉफी दुप्पट कडक ठेवायची, कारण ती बर्फावर ओतली की अर्धा बर्फ तिच्यातच वितळतो.

म्हणजे बर्फ हा निम्मा पदार्थ झाला. आणि बर्फ म्हणजे पाणी.

आमच्याकडे पाणी दोन प्रकारचं. नळाचं गोडं पाणी एक दिवसाआड, संध्याकाळी पाच वाजता, पाऊण तास यायचं. ते प्यायला आणि स्वयंपाकाला. बाकी सगळ्याला बिल्डिंगच्या बोरिंगचं, समुद्र जवळ असल्यामुळे खारं. गोड्या पाण्याचा बर्फ करायची चैन कोणीच करत नसे. फ्रीजमधला बर्फ बोरिंगच्या पाण्याचा, आणि तो मासळीवर घालायला. बाजारातून पापलेट आणलं, लाइट गेले, की बर्फ घालून झाकून ठेवायचं. पण त्या शनिवारी मी आईशी वाद घालून दोन्ही ट्रे गोड्या पाण्याने भरले. "एक तांब्या पाणी गेलं तर काही बिघडत नाही," मी म्हणाले. आईने माठात डोकावून झाकण परत ठेवलं.

शनिवार बरा गेला. वहिनीने आमटीचं कौतुक केलं. रविवारी लोडशेडिंग दुपारी एकनंतर असायचं. त्या दिवशी सकाळी सहालाच लाइट गेले.

मी सात वाजता फ्रीज उघडून पाहिला. आठला पाहिला. साडेआठला आई म्हणाली, "सारखी उघडतेस म्हणूनच वितळतोय." मी बाल्कनीत गेले, परत आत आले. वर्तमानपत्र घेतलं, तीच ओळ चार वेळा वाचली. दादा बनियनवर बसून पुठ्ठ्याने वारा घेत होता आणि तो काही बोलत नसतानाही मला सगळं ऐकू येत होतं. अकरा वाजता ट्रेमध्ये पाणी होतं आणि त्यात चण्याएवढे चार खडे. मी ट्रे दाणकन परत ठेवला.

"राहू दे गं, चहा कर," दादा म्हणाला.

"कॉफीच होणार आहे," मी म्हणाले आणि चपला अडकवून जिना उतरले.

रस्त्याच्या पलीकडे गावातली जुनी घरं होती. त्यांची लाइन वेगळी, त्यांच्याकडे पंखे फिरत होते. ते बघूनच माझं डोकं फिरलं. तिथल्या एका मावशींकडून आई केळी घ्यायची. मी धापा टाकत त्यांच्या ओट्यावर गेले आणि बर्फ मागितला.

"म्हावऱ्याला ना गो?" त्यांनी विचारलं. आता त्यांना काय सांगणार? की मासळीला नको, भाऊ-भावजय आलेत, त्यांना काचेच्या भांड्यात दाबून कॉफी पाजायची आहे आणि त्यावर माझं घर टिकायचं आहे? मला लाज वाटली. मी म्हटलं, "हो."

"ने मंग, पायजे तेवडा ने," म्हणत त्यांनी स्टीलचा डबा भरून दिला. वर म्हणाल्या, "आई बरी हाय ना? तोंड सुकलंय तिचं." मी "हो हो" करत पळाले.

परत आले, पाणी उकळलं, चार मिनिटं घड्याळाकडे पाहत उभी राहिले. दांडा सुरेख खाली गेला. चार उंच ग्लास, काठोकाठ बर्फ, त्यावर काळी कॉफी. बर्फ तडतडला. मी ट्रे घेऊन बाहेर गेले तेव्हा माझा चेहरा नक्कीच फुललेला असणार.

वहिनीने घोट घेतला आणि ग्लास अलगद खाली ठेवला. ती सभ्य बाई. दादा माझा भाऊ. तो म्हणाला, "मीठ घातलंस की काय?"

मी माझा ग्लास तोंडाला लावला. शहाळं समजून समुद्राचं पाणी प्यायल्यासारखं झालं. बोळिंजमध्ये मासळीचा बर्फ कसल्या पाण्याचा असतो, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मलाही होतं. धावताना तेवढंच डोक्यातून निसटलं होतं. डोळ्यांत पाणी आलं, रागाने की अपमानाने कोण जाणे.

तेवढ्यात आईने ग्लास रिकामा करून खाली ठेवला. "छान झालीय," ती म्हणाली. "कडू आहे जराशी, पण गार आहे."

"आई, तुम्हाला खारट नाही लागली?" वहिनीने विचारलं.

"खारट? नाही बाई."

मला वाटलं, माझी बाजू घेतेय. मला बरंही वाटलं. दादा हसत उठला. तोंडाची चव घालवायला त्याने आईच्या कॉटशेजारचा तांब्या उचलला, वरून घोट घेतला आणि थेट मोरीकडे जाऊन थुंकला.

"हेपण खारं आहे."

"अरे, ते माझं आहे," आई लगबगीने उठली. "तुला माठातलं देते ना."

"तुझं म्हणजे काय?"

आईने माझ्याकडे पाहिलं, जणू मी रागावेन. मग म्हणाली, "हिला ऑफिसला दोन बाटल्या लागतात. आल्यावर प्यायला लागतं, चहा, भात. एखाद्या दिवशी नळ आलाच नाही की माठ तळाला जातो. म्हणून मी आपलं बोरिंगचं घेते. उकळून घेते हो. उकळलं की काही होत नाही."

"कधीपासून?" दादाने विचारलं.

"गोड्या पाण्याचा टँकर यायचा बंद झाला तेव्हापासून. झालं असेल वर्ष."

ब्लडप्रेशर हा शब्द कोणीच काढला नाही. दादाने एकदा माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं. वर्षभर मी आमटीत चिमटीने मीठ मोजत होते, आणि रोज सकाळी आईने भरून दिलेल्या दोन बाटल्या पर्समध्ये टाकून निघत होते. त्या कुठून भरल्या जातात हे एकदाही मनात आलं नाही. मला स्वतःची इतकी शरम त्याआधी कधी वाटली नव्हती.

"दादा," मी म्हणाले, "आजच्या गाडीचं आईचं तिकीट मिळतं का बघ."

दादा फोन शोधायला आत गेला. आई गोंधळून माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "अगं पण असं कसं? पाचला नळ येतो, तेव्हा तू ऑफिसात असतेस. तुझं पाणी कोण भरणार?"