रव्याची काडतुसं

हाताशी बंदूक नाही, काडतूस नाही, चिमूटभर पावडरही नाही, आणि तरी रात्रंदिवस काडतुसं भरत बसलेला माणूस अख्ख्या पृथ्वीतलावर एकच असेल, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघावा, याला नशीब म्हणतात. तो माणूस पुन्हा राहतो कुठे, तर कुवेतमध्ये, जिथे खेळण्यातलं पिस्तूल घेऊन विमानतळावर उतरायचीही माझी छाती होणार नाही. मी त्यांना सात-आठ वर्षं जवळून बघतोय. कळत मात्र मला आजही काही नाही.

मामा मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत काटे तपासतात. प्रेशरचे, तापमानाचे जे काटे असतात, ते खरं बोलतात की थापा मारतात हे बघायचं, हे त्यांचं काम. मामी रत्नागिरीला, आणि मामा फहाहीलला आमच्याच बिल्डिंगमध्ये, आमच्या खालच्या मजल्यावर एकटे. त्यांचा शाळेपासूनचा एक मित्र पुण्यात असतो. त्याच्याकडे रिव्हॉल्व्हर आहे, परवाना आहे, रायफल क्लबाचं सभासदत्व आहे आणि स्वतःची काडतुसं स्वतः भरायची रीतसर परवानगीही आहे. म्हणजे जे जे मामांकडे नाही, ते ते सगळं त्याच्याकडे. "माझ्याकडे फक्त डोकं आहे," असं मामा म्हणतात, आणि ते विनयानं म्हणत नाहीत. तर अशी वाटणी झालेली. काडतुसात पावडर किती घालायची, गोळी किती खोल बसवायची, हे मामा फहाहीलमध्ये बसून ठरवणार. पुणेकर मित्र तसं भरणार, रविवारी क्लबात जाऊन सहा गोळ्या झाडणार आणि भोकं पडलेल्या कागदाचा फोटो धाडणार. मामा तो फोटो मोठा छापून आणून भिंतीवर चिकटवणार. एकदा बिल्डिंगचा हारिस, म्हणजे इथला रखवालदार, नळ बघायला आत आला आणि त्या भिंतीपुढे उभाच राहिला. मामांनी त्याला तोडक्यामोडक्या अरबीत सांगितलं, की हा डोळे तपासायचा तक्ता आहे. तेव्हापासून तो बिचारा मामांना डॉक्टर म्हणतो आणि जिन्यात गाठून आपला डावा डोळा दाखवतो.

आता तुम्ही म्हणाल, ठरवायचं ते ठरवून झालं, मग मामा दिवसभर करतात काय? तर रवा भरतात. सोनाराकडे असतो तसला एक चिमुकला तराजू त्यांनी सूकमधून, म्हणजे इथल्या बाजारातून आणलाय. त्यावर रवा मोजून बाटल्यांच्या रिकाम्या बुचांमध्ये भरायचा. एका बुचात दोन कण जास्त झाले की सगळी बुचं रिकामी, पुन्हा पहिल्यापासून. "हाताला सवय लागते, जावईबापू," ते मला समजावतात. "नेम बंदुकीत नसतो. नेम असतो सारखेपणात. सहाही काडतुसं जुळ्या भावांसारखी हवीत."

"पण मामा, भरणारा हात पुण्यात आहे. सवय तुमच्या हाताला लावून काय उपयोग?"

यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मीच काहीतरी अडाण्यासारखं बोललो असं मला वाटून गेलं. मी पुढे नेटानं विचारलं, पावडर जास्त घातली तर नेम आणखी चांगला नाही का लागणार? "मीठ जास्त घातलं तर आमटी आणखी चांगली होते का?" मामा म्हणाले. मी मान डोलावली. पटलं म्हणून नव्हे, आमटी मला कळते म्हणून.

मामांचे नियम दोन. पहिला, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. त्यांचं पोट बिघडलं तेव्हा त्यांनी आधी आठवडाभर फक्त चहा सोडला, मग चहा धरून खुबूस, म्हणजे इथली रोटी, सोडला, मग खुबूस धरून लोणचं सोडलं. पोट आपलं आपणच बरं झालं, आणि दोष कुणाचा हे कळायचं राहिलं म्हणून मामा हळहळत बसले. दुसरा नियम, एकदा जमलं म्हणजे जमलं नव्हे, परत करून दाखवायचं. शुक्रवारी ते आमच्याकडे जेवायला असतात. बायकोनं एकदा कोकमाची आमटी केली, मामांनी वाटी चाटूनपुसून साफ केली आणि म्हणाले, "छान. पण एका आमटीवर मी मत देत नाही. पुढच्या शुक्रवारी हीच कर, मग बघू."

"मामा, आमटी आहे ती, रिफायनरी नाही!" बायको कडाडली. आमची लेक ताटावरून मानही न उचलता म्हणाली, "ही इज सो वीअर्ड." मामांनी तिला मराठीत सांगितलं, की हेही परत म्हणून दाखव.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, ते गेल्या उन्हाळ्यापर्यंत. पुणेकर मित्राची बायको आदल्या वर्षी गेली होती. रविवारचा क्लब सोडला तर तो घराबाहेर पडेनासा झाला होता. आणि त्याच सुमाराला भोकं पांगायला लागली. पूर्वी त्या सहा भोकांवर आमटीची वाटी पालथी घातली तर सगळी झाकली जायची. फोटोत तो वाटी शेजारी ठेवायचाच. मग वाटी पुरेना, ताटली लागली. पुढे ताटलीही पुरेना. एक दिवस मित्रानं सांगून टाकलं, "दिवाळीपर्यंत सहाच्या सहा वाटीखाली आल्या नाहीत तर रिव्हॉल्व्हर चौकीत जमा करतो आणि क्लबाला रामराम. झालं तेवढं पुरे."

मामांची झोपच उडाली. "तो घरात बसला की संपला," ते मला म्हणाले. मग काय विचारता! पावडर कमी करून बघ, थोडी वाढवून बघ, गोळी बदल, काडतुसाच्या बुडाची ठिणगीची टोपी दुसरी घाल. एका वेळी एकच गोष्ट बदलायचा नियम गेला उडत, मामा दर आठवड्याला चार-चार गोष्टी बदलत होते. मला तर काहीच कळेना. इतकी वर्षं जे काडतूस चांगलं चालत होतं, ते अचानक बिघडलं कसं?

ते कळलं एका शुक्रवारी. मामा आमच्याकडे बसून मित्राशी व्हिडिओवर बोलत होते आणि मी मागे उभा होतो. मित्रानं बोलता बोलता चहाची बशी उचलली. बशी थडथडायला लागली, चहा सदऱ्यावर सांडला. तो ओशाळला.

"तुझं नेटवर्क भिकार आहे रे!" मामा एकदम ओरडले. "चित्र सगळं हलतंय. नीट दिसत नाहीस."

मित्राच्या मागे भिंतीवर घड्याळ होतं. ते अजिबात हलत नव्हतं. मी मामांकडे बघितलं. मामांनी माझ्याकडे बघितलं नाही. "तर मी काय सांगत होतो," ते पुढे म्हणाले, "दोष पावडरीचा आहे. पुढच्या रविवारी किंचित कमी घाल." स्वयंपाकघरात जाऊन मी उगाच पाणी प्यायलो.

दिवाळीच्या आधीचा रविवार आला. मामा ड्यूटीवरून तडक वर आमच्याकडेच आले, बूटसुद्धा न काढता. प्लांटमध्ये फोन नेता येत नाही, त्यामुळे मित्राचा फोटो दुपारपासून वाट बघत पडलेला. उघडला, आणि मी ओरडलोच. सहाच्या सहा भोकं एकमेकांना खेटून, वाटीच काय, कपाच्या तोंडाखाली मावतील अशी! मी मामांना मिठीच मारली. बायको देवापुढे साखर ठेवायला धावली.

मामा फोटो बोटांनी मोठा करत होते. करत राहिले. मग हळूच म्हणाले, "ही काळी टिंबं बघा."

भोकांभोवती तीळ उधळावेत तशी बारीक टिंबं होती. "न जळलेली पावडर," मामा म्हणाले. "लांबून झाडलं तर ती कागदापर्यंत पोचत नाही. कागद हातभर अंतरावर ओढून घेतलाय त्यानं."

तेवढ्यात फोन वाजलाच. "बघितलंस?" मित्राचा आवाज जरा जास्तच मोठा होता. "शेवटी तुझाच हिशोब बरोबर निघाला! आता तरी झोपशील ना शांत?"

मी मामांचा दुसरा नियम ऐकायच्या तयारीत उभा. गेल्या सात-आठ वर्षांत तो नियम चुकलेला मी पाहिलेला नाही.

"जमलं," मामा म्हणाले. "झकास जमलं! आता चौकीत बिवकीत जमा करायचं नाव काढू नकोस."

"परत करून दाखवू?"

"छे छे, एकदाच पुरे. जमलं म्हणजे जमलं."

फोन ठेवल्यावर मामा बराच वेळ बुटांचे बंद सोडत बसले. मी न राहवून विचारलं, की निदान त्याच्याशी खरं बोलायला नको का? "कशाला?" ते म्हणाले. "मला झोप लागावी म्हणून त्यानं जन्मात पहिल्यांदा खोटा कागद काढला. तो काय परत काढायला लावू त्याला?"

आता फोटो येत नाहीत. जमल्यावर कसले फोटो? बुचांमधला रवा मामांनी आणून बायकोला दिला, तिनं त्याचा शिरा केला, आणि मामांनी पहिल्या घासालाच चांगला झालाय म्हणून सांगितलं. तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तो खोटा कागद मात्र भिंतीवर मधोमध आहे.

दर रविवारी संध्याकाळी पुण्याहून फोन येतो. मामा विचारतात, "आज काय?" तिकडून उत्तर येतं, "वाटीत." मामा म्हणतात, "असणारच." मग जिना चढून ते वर येतात, माझ्या शेजारी बसतात आणि मी काही विचारायच्या आत सांगतात, "क्लबात गेला होता, जावईबापू. आजसुद्धा गेला होता."