बिजलीबाईचं मनन

फुलसावंगीजवळच्या तांड्यावर बिजलीबाई राठोड राहते. शाळेत पोरांची खिचडी शिजवते, रविवारी गावातल्या पत्र्याच्या चर्चमध्ये जाते आणि रोज सकाळी डोकं शांत करायला बसते. डोकं काही शांत होत नाही, ही तिची आजची रड आहे.

बसायची तिची रीत ठरलेली. अंगण झाडून झालं, चहा पोटात गेला, नवरा अमरसिंग वावराकडे निघाला की ती दाराआड चटई टाकते, डोक्यावर पदर घेते, डोळे मिटते आणि बायबलमधलं वचन म्हणू लागते. मन नवं करून घ्या, जगाच्या चालीनं चालू नका, अशा अर्थाचं ते वचन. एकदा म्हणते, पुन्हा म्हणते, आणि जरा कुठे मन लागतंय असं वाटतं न वाटतं तोच विमलताई येऊन समोर बसते. चष्मा, फिक्कट निळी साडी, भरून आलेले डोळे. मग बिजलीबाई तिच्याशी भांडत सुटते. तोंडातून एक शब्द निघत नाही, पण आत नुसता बाजार भरलेला असतो. चटई गुंडाळताना तिला घाम आलेला असतो. देवाजवळ बसून उठलेल्या बाईला घाम कशाचा, हे अमरसिंगला कळत नाही, आणि तो विचारतही नाही.

ही विमलताई चर्चच्या महिला मंडळाची प्रमुख. अंगणवाडीतून निवृत्त झालेली, घरी एकटी राहणारी, मनानं खरोखर चांगली. कोणी आजारी पडलं की पेज घेऊन पहिली हजर होणार ती. तिच्यासारखी प्रार्थना अख्ख्या मंडळीत कोणाला येत नाही. आवाज असा लावते की दगडाला पाझर फुटावा. आणि नेमकी तिथेच सगळी माती झाली.

झालं असं की बिजलीबाईची लेक खुशी मागच्या उन्हाळ्यात दिग्रसहून, सासरहून, एक बॅग घेऊन निघून आली. तांड्यावर बिजलीबाईनं सांगितलं, माहेरपणाला आली. तिकडे अमरसिंगनं आणि खुशीच्या सासऱ्यानं फोनवर ठरवलं की आर्णीला एका नातेवाइकाच्या घरी दोन्हीकडची चार माणसं गुपचूप बसतील, मिटवतील, आणि पोरगी परत जाईल. गोष्ट चव्हाट्यावर यायच्या आत घरातच जिरवायची होती. पण आईचंच काळीज, ते किती दिवस झाकून राहणार. महिला सभेनंतर चहाची भांडी घासता घासता बिजलीबाईनं विमलताईला सगळं सांगून टाकलं.

"ताई, कोणाले सांगू नका," ती म्हणाली.

"वेडी आहेस का? माझ्या पोटातच राहील हे," विमलताई म्हणाली, आणि तिचा ओला हात हातात घेऊन रडली.

पोटात ते शुक्रवारपर्यंत राहिलं. शुक्रवारी उपवास-प्रार्थना होती. विमलताई उभी राहिली, दोन्ही तळवे वर केले आणि गहिवरल्या आवाजात म्हणाली, "हे दयाळू पित्या, आमची भगिनी बिजलीबाई, हिची कन्या खुशी, जी आपल्या पतीचं घर सोडून आली आहे, तिच्यावर दृष्टी ठेव." देवाला पत्ता सापडणार नाही असं वाटलं की काय कोण जाणे, तिनं सासरच्या गावाचं नावही घेतलं. बायका हुंदके देऊ लागल्या. बिजलीबाईचे डोळे मिटलेलेच होते. ते उघडायची तिची हिंमत झाली नाही. संध्याकाळी मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच प्रार्थनाविषय हात जोडलेल्या चित्रासकट येऊन पडला, आणि खाली आमेनची रांग लागली.

व्हायचं तेच झालं. गोष्ट दिग्रसला पोचली. सासऱ्याचा फोन आला, "तुमी चर्चमंदी आमची इज्जत काढली, आता कायची बैठक?" बैठक मोडली. त्याच आठवड्यात खुशीनं बॅग भरली आणि यवतमाळला गेली. तिथे साड्यांच्या दुकानात कामाला लागली, दोन मुलींबरोबर खोली घेतली. आईचा फोन दहा वेळा वाजला की एकदा उचलायची, आणि तोही "गिऱ्हाईक हाय, ठेवतो," एवढंच म्हणण्यासाठी. घरात जन्मापासून तांड्याच्या गोरबोलीत बोलणारी, आईला याडी म्हणणारी पोरगी आता आईशी मराठीत बोलायला लागली. बिजलीबाईला वाटे, मी तिचं गुपित फोडलं, म्हणून ती माझ्यावर रुसली. आणि हे कोणामुळे झालं? विमलताईमुळे.

बरं, हा राग कोणाला सांगायचीही सोय नव्हती. कोणी चोरी केली, शिवी दिली, तर माणूस बोट दाखवू शकतो. प्रार्थना केली म्हणून कोणावर बोट दाखवणार? पास्टर कपिलकडे ती गेली, तर तोही भला माणूस म्हणाला, "बिजलीबाई, त्यांनी वाईट हेतूने तर नाही केलं. तुम्ही क्षमा करा. तो विचार आला की वचन घ्या."

पास्टर कपिल मंडळीत आल्यापासून हेच शिकवत आला होता. मनन म्हणजे गाईनं रवंथ करावं तसं वचन सावकाश चघळणं, असं त्याचं सांगणं. बिजलीबाईचं बालपण गाईगुरांमागे गेलेलं. गाय रवंथ करते ते तिनं पोटात घातलेल्या गोष्टीचं, एवढं तिला पास्टरपेक्षा जास्त माहीत होतं. पोटात कडू गवत गेलेलं असलं तर तोंडात गोड कुठून येणार? पण पास्टरला उलटून कसं बोलायचं. तिनं मान हलवली आणि सांगितल्याप्रमाणे करू लागली. विमलताई आठवली की वचन. चुलीपाशी आठवली की वचन. शाळेत डाळ धुताना, नळावर, गोधडी टाकताना, जिथं आठवली तिथं वचन.

यात एक घोटाळा झाला, तो तिच्या फार उशिरा लक्षात आला. एका रविवारी विमलताई लेकाकडे नांदेडला गेली होती. तिची खुर्ची रिकामी बघून बिजलीबाई कधी नव्हे ती हलकी होऊन बसली. पास्टरनं शास्त्र उघडलं आणि नेमकं तेच वचन वाचलं. दोन शब्द होत नाहीत तोच विमलताई चष्म्यासकट डोळ्यांसमोर उभी. इतके महिने दोघांना एकत्र जुंपून ठेवल्यावर एक आलं की दुसरं येणारच. वचनानं विमलताईला हाकलायचं होतं. झालं असं की आता वचनच विमलताईला बोलावून आणू लागलं. बिजलीबाईला चर्चमध्ये बसल्या बसल्या रडू आलं. शेजारणीला वाटलं, पवित्र आत्म्यानं स्पर्श केला.

दुसऱ्या दिवशी शाळेत तिनं डोक्यातलं भांडण भांडता भांडता खिचडीत दोनदा मीठ घातलं. मास्तरांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, "बिजलीबाई, काही राग आहे का आमच्यावर?" पोरांनी ताटं तशीच सरकवली. इतकं अन्न वाया गेलं म्हणून ती स्वतःवर चिडली, आणि स्वतःवर चिडता चिडता पुन्हा विमलताईवरच गेली. हे काय आयुष्य झालं, असं तिला वाटलं. प्रभुभोजनाची भाकर फिरत आली की मनात वैर ठेवून ती घ्यायची नाही, म्हणून ती ताट पुढे सरकवायची. तेही सगळ्यांना दिसू लागलं होतं. जिनं केलं ती पोटभर प्रभुभोजन घेते, आणि जिचं नुकसान झालं ती उपाशी. हा कुठला न्याय, हे ती देवालाही विचारून बसली होती.

नाताळाच्या आधी पास्टरनं सांगितलं की कोणाच्या मनात काही असेल तर सणाआधी बोलून मोकळे व्हा. बिजलीबाई थेट विमलताईच्या घरी गेली. विमलताई नाताळाच्या करंज्या करत होती. तिनं पाट दिला, पाणी दिलं आणि म्हणाली, "मी रोज नाव घेते बाई खुशीचं प्रार्थनेत."

"ताई, तुमी सगळ्यायच्या मंदात काहून सांगतलं?"

विमलताईचा हात थांबला. "काय सांगितलं?"

"माह्या पोरीचं."

"सांगितलं कुठं?" विमलताईचा चेहरा अगदी कोरा होता. "प्रार्थना केली."

ही सोंग करत असती तर बरं झालं असतं, असं बिजलीबाईला वाटलं. पण सोंग नव्हतं. विमलताईला खरोखरच काही कळलेलं नव्हतं, आणि कळणारही नव्हतं. भिंतीशी भांडून काय फायदा? ती उठली. विमलताईनं बळंबळं चार करंज्या डब्यात घालून दिल्या.

आता एकच करता येण्यासारखं उरलं होतं. इथे न्याय मिळत नाही तर न मिळो, पोरीपुढे तरी आपण निर्दोष ठरलो पाहिजे. नाताळाला पोरगी घरी आली पाहिजे. दोन दिवसांनी शाळेतून सुट्टी घेऊन बिजलीबाई महागावला आली, तिथून यवतमाळची एसटी धरली. सगळ्या वाटेनं ती बोलणं जुळवत होती. मी एकीलाच सांगितलं, तिनं शपथ घेतली, मग अशी उभी राहिली, असे हात केले. आर्णी गेली तरी तिचं शुक्रवारच्या सभेपर्यंतच झालं होतं.

खुशीला दुकानात जेवणाची सुट्टी झाली. आईला बघून तिचा चेहरा ना फुलला ना पडला. तिनं आईला दुकानामागच्या पायरीवर नेलं, डबा उघडला, अर्धी भाकर आईला दिली. बिजलीबाईनं भाकर हातात धरली आणि जुळवलेलं सगळं सांगितलं. विमलताईची प्रार्थना तर तिनं शब्दन् शब्द म्हणून दाखवली, तिच्या आवाजात.

खुशी जेवत जेवत ऐकत होती. "झालं?" तिनं विचारलं.

"तुले राग नाही येत?"

"विमल मावशीचा? नाही."

"काहून नाही? तिच्यापायी बैठक मोडली."

"तेच तं म्हणतो. बैठक झाली असती तं तुमी मले परत धाडलं असतं." खुशीनं डब्याचं झाकण लावलं. "मले तं तिनं वाचवलं. तिले माहीत नाही, पण वाचवलं."

"मंग तू माह्याशी काहून बोलत नाही?"

खुशी गल्लीकडे बघत होती. "मी तुले फोन केलता, याडी. सासरहून. तो कामावर जाताना बाहेरून कुलूप लावून जाय. रोज. सासू वावरात, अन् मी आत. तू शाळेत होती, मांगं पोरायचा गलका येत होता. मी म्हणलं, मले कोंडून ठेवते हा."

"मले म्हणली?"

"तुलेच. तू म्हणली, मनात वाईट येऊ देऊ नको. पास्टरनं सांगतलं तसं कर, एक वचन घे, डोळे मिट, मनन कर. सगळं शांत होते. मंग म्हणली, डाळ उतू चालली, ठेवतो."

बिजलीबाईनं आठवायचा प्रयत्न केला. विमलताईच्या प्रार्थनेतला प्रत्येक हुंदका कुठे होता हे तिला आठवत होतं. हा फोन आठवत नव्हता. असं काही पोरीनं सांगितलं असेल आणि आपण विसरलो असू, हे तिला खरं वाटेना, आणि खोटं म्हणायलाही तोंड नव्हतं, कारण ते शब्द तिचेच होते. तांड्यात कोणाचं डोकं दुखलं तरी ती तेव्हा तेच सांगायची.

"मी केलं," खुशी म्हणाली. "तू म्हणली तसं. डोळे मिटून बसत होती. डोळे उघडले की दार तसंच बंद."

बिजलीबाईच्या हातातली भाकर तशीच होती. आपल्याला चांगल्या उघड्या घरात, मोकळ्या अंगणात बसून, एका बाईचा चेहरा वचनानं हटवता आला नाही. आणि कुलपाआडच्या पोरीला आपण तेच वचन दिलं आणि फोन ठेवला. तिला स्वतःची चीड आली.

आतून मालकानं खुशीला हाक मारली. ती उठली, हात झटकले. "तू जाय आता. गाडी चुकीन."

"चुकू दे. तुही सुट्टी कवा होते?"

"आठ वाजतात."

"वाजू दे. मी हाय इथंच. मंग मले सगळं सांग, पहिल्यापासून."

खुशी दाराशी थांबली. "सांगीन," ती म्हणाली. "पण मंदात वचन सांगशील तं मी उठून जाईन."

बिजलीबाईनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

"नाही सांगत," ती म्हणाली.