ईशान्येची खोली

कॅनडात, एडमंटनपासून तासाभरावरचं हे रँच हाऊस आम्हाला मिळालं ते माझ्या गोड बोलण्यामुळे. आमच्याआधी एक बिल्डर येऊन गेला होता. तो घर जमीनदोस्त करून प्लॉट पाडणार होता. विकणारे आजोबा ऐंशीच्या पुढचे, मुलं लांबच्या शहरांत, गुरं कधीच विकलेली. त्यांना घर टिकवणारा माणूस हवा होता. बायको आणि पाच वर्षांची मुलगी शेजारी उभ्या असताना मी छाती काढून म्हणालो, "आमच्यात घराच्या उंबरठ्यालाही नमस्कार करतात. जुनी वास्तू आम्ही मोडत नाही." आजोबांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि घर आम्हाला दिलं.

मग त्यांनी सगळं फिरवून दाखवलं. स्वयंपाकघर सगळ्यांत जुनं. आजोबांच्या आजोबांनी पहिल्या हिवाळ्याआधी ओंडके रचून ती एकच खोली बांधली होती. त्यात ते, बायको, चार मुलं आणि एक नुकतंच जन्मलेलं वासरू, असे सगळे राहिले. पुढे वडिलांनी तिला झोपायच्या खोल्या जोडल्या, ह्यांनी दिवाणखाना. एका ओंडक्यावर कुऱ्हाडीचे घाव दिसत होते. त्यावर हात ठेवून ते बराच वेळ बोलले. मी मान डोलवत होतो आणि मनात फ्रिज कुठे बसेल ते बघत होतो.

ताबा मिळाल्यावर मी पुण्याच्या वास्तुतज्ज्ञांना व्हिडिओ कॉलवर घर दाखवलं. मी इंजिनिअर, पूल किती भार पेलेल ते आकडे मांडून सांगतो. पण स्वयंपाकघर बघून "ईशान्येला अग्नी? संसाराची राख होईल," असं ते म्हणाले आणि माझी पाचावर धारण बसली.

बायको म्हणाली, "अरे, तीन पिढ्या नांदल्या इथे. कुणाची राख झाली?"

मी ऐकलं नाही. ती खोली पाडायला कॉन्ट्रॅक्टर आला. ओंडके आतून कोरडे, ठणठणीत निघाले. त्याला करवतीचं पातं दोनदा बदलावं लागलं. "असं लाकूड आता मिळत नाही, विचार करा," तो म्हणाला. तरी मी त्याला थांबवलं नाही. त्याची लाज मला आजही वाटते.

वास्तुशांतीला आजोबांना बोलवायचं धाडस मला नव्हतं. बायकोने परस्पर बोलावलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून, घरच्या जॅमची बरणी घेऊन आले. स्मोक अलार्म काढून ठेवून गुरुजींनी होम पेटवला होता. गुरुजींच्या मागून, भिंत धरत, आजोबा सवयीने स्वयंपाकघराकडे गेले. तिथे आता मोठी काच होती आणि काचेपलीकडे गवत.

"खोली?" त्यांनी विचारलं.

"लाकूड कुजलं होतं," मी म्हणालो. "आतून पार पोखरलेलं. धोक्याचं होतं."

बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि ती पानं वाढायला निघून गेली.

खरं सांगितलं असतं तर त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या. त्या मी खायलाच हव्या होत्या. पण ते खुर्चीवर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मला कळायला हवं होतं," ते म्हणाले. "आयुष्यभर त्या भिंतीला टेकून जेवलो. आणि लहान मूल असलेल्या माणसाला मी कुजकी भिंत विकली. मला माफ करा."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, "इट्स ओके" म्हणालो आणि त्यांना माफ करून टाकलं.