फुई, गुराब आणि दोराचा एक पेड

आमच्या घराण्यात युद्धनौकेमुळे कंबर मोडून घेतलेली व्यक्ती एकच आहे, आणि तिने आजवर समुद्र पाहिलेला नाही.

ही व्यक्ती म्हणजे माझी फुई. फुई म्हणजे वडिलांची बहीण (पुण्याकडे तिला आत्या म्हणतात आणि तिच्याशी जरा जपून वागतात). तिला दिलेलं प्रकाशा या गावी, माहेर आमचं ब्राह्मणपुरी. दर आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, ती माहेरी येते. आमच्या खानदेशात दिवाळी चुकली तर चालतं, पण आखाजीला लेक माहेरी आली नाही तर गाव कारण विचारतं. आली की तिला दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे आमरस आणि दुसरी म्हणजे अंगणातल्या निंबाला बांधलेला झोका.

आता युद्धनौकेकडे येतो. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो. माझा पाण्याशी संबंध कालव्याच्या फाट्यापुरता, आणि तिथेही बहुतेक वर्षं पाणी नव्हतंच. अशा माणसाने निवृत्तीनंतर मराठा आरमारातल्या गुराबेची हुबेहूब लाकडी प्रतिकृती करायला घेतली, यात माझ्याखेरीज सगळ्यांनाच काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. गुराब म्हणजे दोन डोलकाठ्यांची, पुढे टोकदार नाळ म्हणजे नाक असलेली लढाऊ नौका. मी सागाच्या पातळ पट्ट्या कापायचो, त्या वाकाव्यात म्हणून गरम पाण्यात उकळायचो आणि सांगाड्यावर चिकटवायचो. बायकोचा, मंदाचा, विरोध तत्त्वाचा नव्हता, भांड्याचा होता.

"दूधना पातेलामा लाकडं शिजाडी ऱ्हायनात तुम्ही?"

"इतिहास शिजाडी ऱ्हायनू," मी म्हणालो.

त्या दिवसापासून आमच्या चहाला सागाचा वास येऊ लागला तो कायमचा.

गावातले लोक येऊन बघून जायचे. तोफा बघायचे, सुकाणू बघायचे आणि मग न चुकता एकच प्रश्न विचारायचे, "आप्पा, हाई पानीमा तरंगी का?"

"नही. हाई देखाले शे."

"मंग कसानं जहाज?"

एवढं बोलून ते चहा पिऊन जायचे (सागाचा). गावात माझी किंमत दिवसेंदिवस उतरत होती. पण आमच्या वाचनालयाने महाराष्ट्र दिनाला हस्तकलेचं प्रदर्शन ठरवलं आणि पाहुणे म्हणून नौदलातून निवृत्त झालेले एक अधिकारी येणार असं कळलं, तेव्हा मी हवेतच चालू लागलो. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी जाणकार माझं काम बघणार होता! मी जहाजासाठी काचेची पेटी करून घेतली. तिच्यावर पितळी पट्टीही लावली: 'मराठा आरमारातील गुराब. बांधणी: सुधाकर आप्पा.' पट्टी मी माझ्याकडच्या सगळ्यात जबरदस्त गोंदाने चिकटवली.

राहिले होते फक्त दोर. डोलकाठीला दोन्ही अंगांनी ताण देणारे, शिडं ओढणारे, सोडणारे असे ढीगभर दोर अशा नौकेला लागतात. नायलॉनचा दोरा लावला तर जहाज पतंगाच्या दुकानातून आल्यासारखं दिसायचं. शिवणाचा दोरा लावला तर त्यात मंदाचा शिवणाचा डबा दिसायचा. मला हवं होतं जुनं, मळकट, हाताने वळलेलं सूत. आणि ते मला माळ्यावर एका गोणपाटात सापडलं. झोक्याचा दोर.

तो तीन पेडांचा सुती दोर होता, एका पेडातून लाल धागा गेलेला. माझी बुद्धी पाहा: अख्खा दोर घेतला तर चोरी, पण तीनातला एक पेड घेतला तर ती काटकसर. मी लाल धाग्याचा पेड उसवून काढला (आरमाराला लाल शोभतं), उरलेले दोन पुन्हा एकमेकांत पिळून ठेवले आणि दोर होता तसा गोणपाटात घातला. दिसायला जरा सडपातळ झाला होता. मला वाटलं, वयाने होतं असं.

दोर लावल्यावर जहाजाचं रूपच पालटलं. लाल धागा मोठ्या डोलकाठीवर असा उठून दिसत होता की मी स्वतःच्या हाताकडे आदराने बघू लागलो.

आखाजी आली. खापरावरच्या पुरणपोळ्यांचा वास गल्लीभर सुटला. फुई आली, सोबत गल्लीतल्या माहेरवाशिणीही जमल्या. कुणी दोराकडे निरखून बघायला नको म्हणून मी स्वतःच निंबावर चढलो. मंदाने खालून हाक दिली, "आज तुम्ही झोका बांधतस? तब्येत बरी शे ना?"

फुईने झोक्याला हात लावून पाहिला. "सुधा, दोर पक्का शे ना रे? मन्हं वय आते झोकानं नही."

"फुई, जहाजनी गाठ शे. तोफ लागी तरी सुटाव नही."

हे मात्र शब्दशः खरं ठरलं. फुई बसली, गाणं सुरू झालं, झोका पहिल्यांदा मागे गेला, पुढे आला, फुई लहान मुलीसारखी हसली, झोका दुसऱ्यांदा वर गेला आणि दोर तुटला. गाठ सुटली नाही. ती फांदीवर तशीच होती, अगदी पुस्तकात दाखवल्याप्रमाणे.

फुई कडब्याच्या पेंढ्यांवर पडली म्हणून वाचली. तरी कंबर धरली ती धरलीच. बायका भोवती जमल्या. कुणी म्हणालं दोर जुना झाला, कुणी म्हणालं नजर लागली. मी मागे उभा होतो. त्या वेळी गप्प राहण्याइतकं शहाणपण माझ्याकडे असतं तर हा लेख लिहायची वेळच आली नसती. मी म्हणालो, "फुई, जरा वजनबी देखाले पायजे."

फुई मंदाचा हात धरून आत गेली.

संध्याकाळी मंदाने तिच्यापुढे आमरसाची वाटी ठेवली. फुईने ती परत सरकवली. "नको माले. वजन वाढनं मन्हं. आते झोका बस, रस बस."

आखाजीला माहेरी आलेली लेक आमरस नको म्हणते, यापरतं अशुभ आमच्याकडे काही नाही. मंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही फार वाईट वाटलं. इतकं वाईट वाटलं की मी तिच्या वाटणीची वाटी संपवतानासुद्धा दोनदा थांबलो.

डॉक्टरांनी फुईला पडून राहायला सांगितलं. घरात कूलर एकाच खोलीत आहे. जहाजही त्याच खोलीत होतं, कारण उन्हाने गोंद पातळ होऊ नये म्हणून कूलर मी तिथेच बसवला होता. म्हणजे फुईची खाट आली ती नेमकी गुराबेसमोर. ती दिवसभर कुशीवर पडून समोरच्या डोलकाठीकडे बघत होती, आणि मी दाराआडून तिच्याकडे बघत होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी हाक आली.

"सुधा, आठे ये. तुन्हा जहाजले हाई लाल काय शे?"

"रंग शे, फुई."

"रंग नही. हाई मन्ही मायना लुगडाना काठ शे."

मग मला कळलं ते असं. फुईचं लग्न झालं त्या वर्षी माझ्या वडिलांनी तो दोर वळला होता, आणि बहिणीला झोक्यावर आईची सोबत राहावी म्हणून आईच्या फाटलेल्या लुगड्याच्या काठाचा धागा एका पेडात घातला होता. आजी गेल्यावरही फुई दरवर्षी झोक्यावर बसली की हात त्या लाल धाग्यावर ठेवायची. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

मी मान खाली घालून शिव्यांची वाट बघत उभा राहिलो. फुई मात्र कंबर धरून उठून बसली आणि तिचा चेहरा उजळत गेला.

"म्हंजे तीनमाईन एक पेड तू काढी लिन्हा?"

"हां फुई."

"म्हंजे मी जाड नही. दोर बारीक व्हता!"

तिने खिडकी उघडली आणि ही बातमी गल्लीला दिली. "आयका वो बाया! मी जाड नही! सुधानी दोर चोरा!" बायका धावत आल्या. प्रत्येकीने जहाज पाहिलं, लाल धागा पाहिला आणि शेवटी मला पाहिलं. गावात माझं जहाज इतक्या लोकांनी इतक्या बारकाईने कधीच पाहिलं नव्हतं. एकीनेही ते पाण्यात तरतं का म्हणून विचारलं नाही.

फुईने आमरस मागवला. वाटी नको, तांब्या आण म्हणाली. तो संपवून तिने निकाल दिला, "पेड परत टाक. नहीते जहाज घरबाहेर निंघाव नही."

"फुई, पाव्हना नौदलना शे. दोरबिगर जहाज कसं दखाडू?"

"मी तुटेल झोका दखाडा ना आख्खा गावले? तू उघडं जहाज दखाड."

मी जहाजावरून एकेक दोर उतरवू लागलो. जे लावायला अख्खा हिवाळा गेला होता ते काढताना प्रत्येक गाठ मला ओळखत होती. धागे पुन्हा पिळून पेड केला, पेड दोरात घातला, तुटल्या जागी सांधा केला. फुई खाटेवरून हुकूम सोडत होती, "वळ दे. ढिला नको. तोंड चालस तसा हात चालू दे."

महाराष्ट्र दिनाला गुराब प्रदर्शनात गेली ती दोन उघड्या काठ्या घेऊन. शेजारी खुर्चीवर फुई बसली होती, कंबरेला पट्टा आणि मांडीवर दोराचं वेटोळं (तो ती आता माझ्या घरात एकटा सोडायला तयार नव्हती). पाहुणे आले. जहाजाभोवती एक फेरी मारून ते म्हणाले, "काम छान आहे. पण शिडं, दोर काहीच कसं नाही?"

मी तोंड उघडण्याआधी फुई म्हणाली, "साहेब, ते आखाजीले माहेर येल शे. कामधंदा सोडीसन बठेल शे."

पाहुणे हसले. मग त्यांचं लक्ष तिच्या मांडीकडे गेलं. त्यांनी दोर हातात घेतला, उलगडला, सांध्यावरून बोट फिरवलं आणि जहाजाकडे पाठ करून तिथेच उभे राहिले. असा हाताने वळलेला दोर फार वर्षांनी पाहिला, म्हणाले. सांधा कुणी केला म्हणून विचारलं.

"मन्हा भाचानी," फुई अभिमानाने म्हणाली. "तोडाबी त्यानीच."

प्रदर्शनात पहिलं बक्षीस दोराला मिळालं. प्रमाणपत्रावर नाव फुईचं आहे. घरी आल्यावर तिने जाहीर केलं की बक्षीस मिळालेली वस्तू गोणपाटात शोभत नाही. म्हणून आता माझ्या बैठकीत काचेच्या पेटीत दोर आहे आणि माळ्यावर गोणपाटात युद्धनौका आहे. पेटीवरची पितळी पट्टी काढायचा मी पुष्कळ प्रयत्न केला, पण निघत नाही. त्यामुळे घरी येणारा प्रत्येक पाहुणा दोराच्या वेटोळ्याकडे बघतो, 'मराठा आरमारातील गुराब. बांधणी: सुधाकर आप्पा' हे मोठ्याने वाचतो आणि मंदाकडे बघून हळूच विचारतो, "आप्पांची तब्येत कशी आहे आता?"