मालनबाईच्या पापण्यांचा दुखवटा

मालनबाईच्या पापण्या मूळच्याच जड. पन्नाशी उलटली तशा त्या भिजल्या गोणपाटागत डोळ्यांवर लोंबायला लागल्या. तरी तिचं काही अडत नव्हतं. पण पोराच्या लग्नाचा व्हिडिओ आला आणि थोरली जाऊ भागीबाई तो घरोघर दाखवत हिंडली. "ही पाहा वरमाई! मंगलाष्टकं चाललीत अन् ही घोरती."

झालं. बागेतला द्राक्षांचा खुडा उरकला तशी मालनबाई "लेकीकडं जाऊन येते" म्हणून नाशकाला गेली, आणि इकडं गावी, दिंडोरीकडं, कुणाला वास न लागू देता पापण्यांवरचं फाजील कातडं कापून घेतलं. भागीबाईला कळलं असतं तर जन्मभर ऐकावं लागलं असतं, म्हातारीला नटायची हौस आली म्हणून.

तीन आठवडे लेकीकडं काढले. टाके निघाले, सूज उतरली, पण पापण्यांवरची लाली काही हटेना. डॉक्टरनं मेकअपला हरकत नाही म्हटल्यावर लेकीनं, स्नेहलनं, अंगाच्या रंगाची क्रीम लिंपून दिली.

"आई, पाणी तेवढं लावू नकोस. चोळू नकोस."

"मी काय सारवलेली भिंत हाय का?" मालनबाई म्हणाली खरी, पण आरशात बघून खूश झाली. डोळे कसे टपोरे! जरा दचकल्यासारखे, पण टपोरे.

एसटीतून उतरली तर फाट्यावर भागीबाई उभी.

"बरी आलीस. सावळीराम नाना गेले. सकाळीच उरकलं सगळं. चल तशीच दारावर."

नाना म्हणजे चुलत सासरा. बांधावरच्या बाभळीपायी मालनबाई त्याच्याशी बारा वर्षं बोलली नव्हती. आता तो मेला म्हणून रडू कुठनं आणायचं? तिनं पदर पुढं ओढला, नानाच्या बायकोच्या, कुसाबाईच्या गळ्यात पडली आणि कोरडाच हेल काढला.

इथवर निभावलं. पण आमच्याकडची रीत अशी, की रडणं झालं की तांब्याभर पाणी आणून रडणारीला तोंड धुवायला लावायचं. तांब्या घेऊन आली ती नेमकी भागीबाई.

"राहू द्या बाई."

"राहू द्या कसं? वाक खाली."

दोन ओंजळींत क्रीम वाहून गेली. मालनबाईनं मान वर केली तर पापण्या लालबुंद. भागीबाई तोंडापाशी तोंड आणून बघायला लागली.

"मालन, हे गं काय?"

कातडं कापल्याचं कबूल करायचं, नाहीतर त्या बाभूळचोरावर माया दाखवायची. मालनबाईनं पदर डोळ्यांना लावला.

"रडले ना आत्ता."

"एवढ्यात एवढं लाल?"

"लय आतून रडले."

कुसाबाईनं हंबरडाच फोडला. "पाहा गं बायांनो! पोटच्या लेकींचे डोळे कोरडे, अन् ही भांडकुदळ माझ्या धन्यासाठी डोळे फोडून बसली! आता दहावा होईस्तोवर मला सोडून जायचं नाय."

मग काय, रोज सकाळी मालनबाई कुसाबाईशेजारी. येईल त्याला कुसाबाई तिची हनुवटी धरून डोळे दाखवायची, आणि मालनबाई नानाचे गुण आठवत बसायची. सापडत नव्हते, तरी आठवत होती.

सहाव्या दिवशी तिनं गोठ्यामागनं हळूच फोन लावला.

"स्नेहल, लाली जायला लागली गं."

"मग चांगलंच की, आई!"

"चांगलं काय, डोंबल! दहाव्याला अजून चार दिवस हायेत. पुरायला नको?"